दात तासून घेण्याआधी

चौबे कॉलोनी, रायपूर
श्रावण

चि. मनूस,



तू पुण्याहून पाठवलेला क्लिनिकचा कागद सकाळपासून माझ्या टेबलावर आहे. वरचे दहा दात, दहा व्हेनिअर (दातावर चिकटवायच्या पोर्सेलीनच्या पातळ पापड्या), दोन बैठका, लग्नाच्या आधी काम पूर्ण. खाली रक्कम, तिच्याखाली हप्त्यांची सोय. दहाही दातांचे नंबर व्यवस्थित लिहिलेत. कुठल्या दाताला काय झालंय, हे मात्र कागदावर कुठेच नाही. तुझं तोंड मी तुझ्या दुधाच्या दातांपासून बघत आले आहे. या दहांतले आठ दात ठणठणीत आहेत.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. डिसेंबरातले मुहूर्त जवळ आले की असेच कागद घेऊन इथल्या मुलीही माझ्याकडे येतात. शेजारी आई बसलेली असते आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते तिला सुचत नाही. तिच्याही हे उपयोगी पडेल.

तर तुझ्या दोन दातांबद्दल. पटाशीच्या उजव्या दाताचा कोपरा यंदा स्कूटीवरून पडलीस तेव्हा उडाला. डावीकडचा तू तिसरीत असताना कॉलनीतल्या बागेत आपटला होता. पुढे त्याची नस मेली, रूट कॅनाल झालं आणि आता तो करडा दिसतो. खरी तक्रार एवढीच. बाकीचे दात तुला पिवळसर वाटतात, कारण हल्ली फोनच्या पडद्यावर दिसणारे दात कागदासारखे पांढरे असतात. माणसाचे दात मुळात तसे नसतात. आमच्याकडे दाताचा रंग जुळवायला जी पट्टी असते तिच्यात सोळा छटा आहेत आणि त्यातली एकही कागदासारखी नाही.

इनॅमल, म्हणजे दातावरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते, पण इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच संपलेल्या असतात. त्यामुळे माझ्या कामात मी एकच क्रम पाळत आले: दाताला काही जोडून भागत असेल तर आधी जोडायचं, तासायची वेळ सगळ्यात शेवटी. तुला दिलेल्या कागदावर हा क्रम उलटा आहे, म्हणून मी इतकी अस्वस्थ आहे.

कोपरा उडालेल्या दाताला कॉम्पोझिट पुरेसं आहे. लोक त्याला 'दाताच्या रंगाचं सिमेंट' म्हणतात. हे काम कसं होतं ते नीट सांगते, म्हणजे घाईत उरकलेलं काम तुला ओळखता येईल. रंग सगळ्यात आधी ठरवायचा, दात ओला असताना, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो पांढरट दिसतो आणि निवड चुकते. मग रबराचा पातळ पडदा लावून तेवढेच दात बाहेर घ्यायचे, म्हणजे थुंकीचा थेंबही आत येत नाही. तुटलेल्या कडेवर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद ठेवून धुतली आणि वाळवली की ती कड खडूसारखी पांढरी, निस्तेज होते. ती तशी झाली म्हणजे इनॅमलमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडली. त्यांत पातळ राळ शिरते आणि कॉम्पोझिट तिला घट्ट धरून बसतं. यानंतर थर चढवायचे, एकेक थर दोन मिलिमीटरच्या आतला, आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशात कडक करून घ्यायचा. आतला थर जरा गडद आणि अपारदर्शक, कडेचा थर काचेसारखा. शेवटी घासून, चकाकी आणून, आरशात दोन्ही दात शेजारी शेजारी बघायचे. चांगल्या हातातून झालेला कोपरा समोरच्याला दाखवावा लागतो, एरवी तो सापडत नाही. आणि या सगळ्यात तुझा स्वतःचा दात जवळपास जसाच्या तसा राहतो.

आम्लाची ही युक्ती १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी मांडली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांनी हेरलं होतं. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटमागची राळ तयार केली. तोवर भरलेली वस्तू दातात टिकावी म्हणून निरोगी दातही कोरून खड्डा खोल करावा लागे. दात वाचवण्याच्या दृष्टीने माझ्या विषयात याहून मोठी गोष्ट घडलेली मला तरी माहीत नाही, आणि आज ती हाताशी असताना आपण पुन्हा निरोगी दात कोरायला निघालो आहोत.

करड्या दाताला तर बाहेरून हात लावायचंही कारण दिसत नाही. तो आतून काळवंडला आहे, तेव्हा उपायही आतूनच करता येतो. आधी एक्स-रे काढून जुनं रूट कॅनाल नीट आहे ना ते बघायचं. मग मागच्या बाजूने दात उघडून, मुळाचं तोंड सिमेंटने बंद करून, आत ब्लीचचं औषध ठेवायचं आणि वरून तात्पुरतं भरायचं. काही दिवसांनी औषध बदलायचं. दोन-चार खेपांत बरेच दात शेजाऱ्यांच्या रंगाला येऊन मिळतात. 'रूट कॅनाल झालंय ना, मग कॅप लागणारच' असं तुला सांगतील. दाढेच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं आहे, कारण चावण्याचा सगळा भार तिच्यावर येतो आणि नस काढलेली पोकळ दाढ उभी चिरते. पुढचा दात फारसा तुटलेला नसेल तर त्याला कॅप लागेलच असं नाही.

व्हेनिअरला माझा विरोध नाही. दाताचा पुढचा पृष्ठभाग खरोखर खराब झालेला असेल, फ्लोरोसिसचे तपकिरी खोल डाग असतील (आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या मुलांचे दात तू पाहिलेस तर कळेल), जन्मतःच इनॅमल कच्चं असेल, तर पोर्सेलीनची ती पातळ पापडी मोठं काम करते. त्यासाठी दाताचा साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर थर काढावा लागतो. पण अनेक ठिकाणी व्हेनिअर म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात दात चारही बाजूंनी तासून कॅप बसवतात. तुर्कीला जाऊन असे दात करून आलेल्या ब्रिटिश मुलामुलींची चित्रं तू बघितली असशील, तासलेल्या खुंट्यांची. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये दात तासण्याआधी आणि नंतर तोलून पाहिले होते. व्हेनिअरसाठी दाताच्या वरच्या भागाचा ३ ते ३० टक्के अंश जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. आता तुझं वय बघ. उत्तम व्हेनिअरही जन्मभर पुरत नाही. दहा-पंधरा वर्षांनी कधीतरी ते बदलावं लागतं आणि प्रत्येक खेपेला दात आणखी थोडा जातो. आठ निरोगी दातांना हा हप्ता तू सत्ताविसाव्या वर्षी का लावून घेतेस?

आणखी एक. तुझा वरचा डावा दुसरा दात किंचित वळलेला आहे आणि कागदावर तोही 'सरळ' करायच्या यादीत आहे. तो तुझ्या आजीचा दात आहे. माझ्या आईच्या प्रत्येक फोटोत तो आहे. त्याचा तुला खरंच त्रास होत असेल तर अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक साचा, लावून तो हलवता येतो, त्यासाठी तासायची गरज नाही. त्रास होत नसेल तर मात्र माझी विनंती आहे, तो राहू दे.

पांढरेपणाच हवा असेल तर ब्लीचिंग कर. डॉक्टरांकडून दातांच्या मापाचा ट्रे करून घे, त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून दोनेक आठवडे रात्री लाव. थोडे दिवस दात शिवशिवतील, ते थांबतं. ब्लीचने सिमेंटचा किंवा कॅपचा रंग बदलत नाही, म्हणून ब्लीचिंग आधी आणि कोपरा भरणं नंतर. मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर कॉम्पोझिट नीट चिकटत नाही. लिंबू-मीठ आणि कोळशाची पूड यांच्या नादी लागू नकोस. लिंबाचं आम्ल इनॅमल विरघळवतं आणि कोळसा ते खरवडतो.

तुझा कागद बघताना मला सारख्या आपल्या इथल्या रामकुंडच्या दीदी आठवत होत्या, भांड्यांना येतात त्या. इथल्या कितीतरी बायांसारखी त्यांनाही गुडाखूची सवय आहे. तंबाखू, गूळ, चुना, लाल माती यांचा तो काळपट लगदा डबीतून बोटावर घ्यायचा आणि दात-हिरड्यांवर चोळत बसायचं, सकाळी आणि पुन्हा दुपारी. आपल्याकडे गावाला बायका मशेरी लावायच्या, तसंच. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दातांच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण गुडाखूची डबी आजही पानठेल्यावर मिळते. दीदींच्या खालच्या दातांच्या हिरड्या उतरल्या आहेत, मुळं उघडी पडली आहेत आणि मुळापाशी दातांना खाचा पडल्यात. मी आधी त्यांचे गाल ओढून आतून बघितले, पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. तंबाखू चोळणाऱ्या माणसाचे दात त्यानंतर बघायचे. सुदैवाने चट्टा नव्हता.

एक दाढ दुखत होती आणि ती काढूनच टाका असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या ओळखीत दातावरचा इलाज म्हणजे काढणं, दुसरं काही कुणी केलेलंच नाही. दाढेत कीड होती, पण नसेपर्यंत पोचली नव्हती. हाताच्या हत्याराने कीड खरवडून काढली आणि ग्लास आयनोमर भरलं. हे सिमेंट १९७२ मध्ये इंग्लंडच्या विल्सन आणि केंट यांनी जगासमोर आणलं. ते दाताला आपणहून चिकटतं, थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं आणि त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. खाचांतही तेच भरलं, म्हणून आता पाणी लागत नाही. पुढच्या कामासाठी त्यांना शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं आहे. गुडाखू अजून पूर्ण सुटलेलं नाही, दुपारचं तेवढं बंद झालंय. मनू, साधं सिमेंट वेळेवर न भरल्यामुळे इथे चाळिशीतल्या बायांच्या दाढा जातात, आणि पोळीचा घास त्यांना पाण्यात बुडवून खावा लागतो. हे रोज बघितल्यावर निरोगी दातावर कुणी ड्रिल फिरवायला निघालं की मला राग येतो, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तुझ्या बाबालाही हे पत्र वाचायला दे. त्याची खालची दाढ काढून दोन वर्षं होत आली. तो म्हणतो, दिसत नाही ना, मग काय बिघडलं. शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेत कलायला लागली आहे आणि वरची खाली उतरते आहे. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन निरोगी दात तासावे लागतील, त्यापेक्षा त्याला इम्प्लांट बरं. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडाचा अभ्यास करताना दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोपर्यंत ते इम्प्लांट कामात होते. पण बाबाची साखर आटोक्यात आल्याशिवाय इम्प्लांटचं नाव काढायचं नाही. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही आणि हाड धरत नाही. तुझ्या आईच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे. त्यात निम्मा पारा असतो हे वाचून ती घाबरली आहे. चांदी शाबूत असेल, खाली कीड नसेल, तर ती उकरू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

आता तुझं. त्या क्लिनिकला फोन करून एवढंच विचार: दहांपैकी प्रत्येक दाताला काय झालंय, तो किती तासणार, आणि न तासता काय करता येईल. उत्तर लेखी माग. आगाऊ पैसे भरले नसशील तर भरू नकोस. पुण्यातच दात साफ करून घे, करड्या दाताचा एक्स-रे काढ आणि मला पाठव. रूट कॅनाल नीट असेल तर आतलं ब्लीचिंग आणि ट्रेचं काम तिथेच सुरू कर. मी सांगते त्या क्रमाने कुणीही नीट डॉक्टर करून देईल. दिवाळीला येशील तोवर रंग स्थिर झालेला असेल. सकाळी दहाच्या उजेडात, लिपस्टिक न लावता, साधा पांढरा कुर्ता घालून ये. रंग खिडकीपाशी ठरवू आणि कोपरा मी इथेच भरून देईन. तुझं लग्न इथल्याच मंडळाच्या सभागृहात आहे, माझ्या घरापासून चार पावलांवर, तेव्हा नंतर काही टोचलं-खुपलं तरी लगेच बघता येईल.

आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट आरक्षण उघडताच काढ, दिवाळीच्या गर्दीत मिळत नाही.

तुझी,
आत्या