बदनाम मुलखात दोन दिवस

काही गावांचे भाग्य त्यांच्या नावालाच चिकटलेले असते. नागपूर म्हटले की संत्री, सोलापूर म्हटले की चादर, पैठण म्हटले की पैठणी आणि नाथमहाराज! त्या गावात कधी पाऊलही न टाकलेला माणूस त्याच्याविषयी आपुलकीने बोलतो. झारखंडमधल्या जामताड्याच्या नशिबी मात्र हे आले नाही. जामताडा म्हटले की लोक आपला मोबाइल चाचपतात. फोनवरून साळसूदपणे बोलून माणसाची पुंजी लुटायची विद्या या मुलखात वाढली, असा त्याचा लौकिक. सन २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच नावाची मालिका आली आणि हा लौकिक घरोघरी पोचला.

आमच्या घरात हे नाव आले ते मामांमुळे. मामा सांगलीला असतात. पस्तीस वर्षे त्यांनी हायस्कुलात गणित शिकवले. मामी गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगा बंगळूरला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना एक फोन आला. परदेशी जाणाऱ्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असून त्यावर तुमचा आधार क्रमांक आहे, असे सांगण्यात आले. मग व्हिडिओवर पोलिसी गणवेशातला एक गृहस्थ अवतरला. त्याच्या मागच्या भिंतीवर राजमुद्रासुद्धा होती. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही," असा हुकूम झाला. हे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मामांनी स्वतःच्या पायांनी बँकेत जाऊन मुदतठेव मोडली आणि सात लक्ष चाळीस हजार रुपये 'तपासणीसाठी' पाठवून दिले. बँकेत कोणी विचारलेच तर घर दुरुस्तीला काढले आहे असे सांगा, हेही पढवलेले होते. तसे त्यांनी सांगितले.

आम्हाला हे कळले पंधरा दिवसांनी. तोवर पैसे कोठल्या कोठे गेले होते. अशी अटक आपल्या कायद्यात मुळी नाहीच, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशाला सांगितले. मामांच्या दृष्टीने ते दोन महिने उशिरा झाले.

पैशांचे दुःख मामांनी गिळले असते. पण ते मला म्हणाले, "अरे, पाणी प्यायला उठायचे तरी मी त्या माणसाला विचारून उठत होतो. मी! ज्याच्या तासाला पोरे श्वास रोखून बसत!" त्यानंतर त्यांनी फोन उचलणेच सोडून दिले. दर रविवारी सकाळी नऊ वाजता आई त्यांना फोन करी. चाळीस वर्षांचा तो नेम मोडला. तिकडे घंटी वाजत राही आणि इकडे आई फोनकडे पाहत बसे. भामट्याने नेलेल्या ऐवजात रविवारचा हा फोनही होता, आणि त्याची तक्रार कोठल्याच ठाण्यात नोंदवता येत नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये कोलकात्याला एका चर्चासत्राचे निमंत्रण आले, तेव्हा दोन दिवस जास्त काढून जामताड्याला जाऊन येण्याचे मी ठरवले. आई म्हणाली, "त्या चोरांच्या गावी कशाला जातोस? आणि मामाला फोन तिथूनच आला होता कशावरून?" दुसरा प्रश्न बिनतोड होता. फोन कोठून आला हे पोलिसांनाही सांगता आले नव्हते. हा धंदा आज एका गावाचा राहिलेला नाही. राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरचा मेवात आहे. कंबोडिया-म्यानमारमध्ये तर यासाठी कुंपण घातलेल्या वसाहतीच आहेत, आणि नोकरीच्या आमिषाने नेलेली आपली मुले तेथे मारहाणीच्या भीतीने फोन करीत बसतात. तरीही मला जायचे होते. शिवाय जामताड्याला जाण्याचे आणखी एक कारण मराठीच्या मास्तराजवळ होते. ते पुढे येईलच.

हावड्याहून सकाळी निघालो. बर्धमानपर्यंत कापणी झालेली भातशेते, मग दुर्गापूरची धुरांडी, मग आसनसोलचा कोळशाचा मुलूख. आसनसोलला गाडी बदलली. थोड्याच वेळात चित्तरंजन लागते. येथल्या कारखान्यात १९५० पासून रेल्वेची इंजिने तयार होतात. गंमत अशी, की कारखाना बंगालात आणि स्टेशन झारखंडच्या मिहिजाममध्ये. येथून जमीन रंग बदलते. तांबडी माती, उंचसखल माळ, मधूनच पळस, मोह आणि ताड. थंडीचे दिवस असल्याने खजुरीच्या झाडांना रसासाठी मडकी बांधलेली होती. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मी कोठे उतरणार विचारले. "जामताडा," म्हणताच ते हसले आणि म्हणाले, "सर, फोन सांभाळा बरे!" मग पिशवीतला खजुराचा गूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवला. स्वतः ते जामताड्याचेच होते!

जामताडा हे पूर्वी दुमका जिल्ह्यातले गाव. २००१ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. बाजारपेठ आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावासारखी. चहाच्या टपऱ्या, कापडाची दुकाने, सायकली आणि शिकवणीच्या वर्गांचे फलक. 'चोरांचे गाव' कसे दिसते हे पाहण्याची उत्सुकता घेऊन आलेल्या माणसाची येथे साफ निराशा होते. सायबर गुन्ह्यांसाठी वेगळे पोलीस ठाणे आहे, एवढीच काय ती निराळी खूण.

मग हे येथे रुजले कसे? एका चहावाल्याच्या बाकावर बसून मी ऐकले ते असे. पावसावर येणारे भाताचे एक पीक, पाटाचे पाणी थोडे, हाताला काम त्याहून थोडे. अशात मोबाइल आला. सुरुवातीला काही पोरे फोनमधला शिल्लक पैसा लांबवायला शिकली. मग 'मी बँकेतून बोलतो, तुमचे एटीएम कार्ड बंद होणार आहे' हा मंत्र सापडला. गावाबाहेरच्या माळावर झाडाखाली बसायचे आणि दिवसभर नंबर फिरवायचे. परक्याच्या नावाची सिमकार्डे, भाड्याने घेतलेली बँकखाती. एकाने बोलायचे, दुसऱ्याने पैसे फिरवायचे, तिसऱ्याने काढायचे. शंभरांनी फोन आपटला तरी चालते. एकाने ऐकले की महिन्याची बेगमी!

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते म्हणाले, "आमची दहा पोरे फोन करतात आणि हजार पोरे परमुलखात विटा वाहतात. त्या हजारांवर कोणी सिनेमा काढत नाही. माझा नातू परीक्षेसाठी परगावी गेला, तर आधारवरचा पत्ता पाहून लॉजवाल्याने खोली नाकारली." मला मामांची आठवण झाली. फसलेल्या माणसाने लाजेने तोंड लपवावे, आणि ज्याने कोणाला फसवले नाही त्यानेही गावाच्या नावापायी तोंड लपवावे! एका फोनच्या दोन टोकांना दोन निरपराध माणसे खाली मान घालून बसली होती.

त्या शिक्षकांनीच मला जवळच्या पंचायतीतले ग्रंथालय दाखवले. २०२० नंतर जिल्हा प्रशासनाने पडीक सरकारी इमारती दुरुस्त करून गावोगाव ग्रंथालये काढली. आज जिल्ह्याच्या ११८ ग्रामपंचायतींमध्ये ती आहेत. आत दहाबारा मुले-मुली स्पर्धापरीक्षेची पुस्तके पुढे घेऊन बसली होती. सगळ्यांचे मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने पालथे ठेवलेले! जामताड्यातले हे दृश्य कोणत्याही मालिकेत नाही.

दुसऱ्या दिवशी करमाटाडला गेलो. जामताड्याहून थोड्याच अंतरावरचे हे गाव. त्याच्या स्टेशनाचे नाव आज 'विद्यासागर' आहे. मराठीच्या मास्तराचे कारण ते हेच. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वातली सुमारे अठरा वर्षे येथे काढली. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यासाठी झगडलेला हाच पुरुष. त्यांचे विधवाविवाहावरील पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले आणि आपल्याकडच्या चळवळीला शास्त्राधार मिळाला. त्या ऋणाचा एक धागा थेट या तांबड्या मातीत येऊन पोचतो. कलकत्त्याला कंटाळलेले विद्यासागर येथे संथाळांच्या शेजारी राहिले. मुलींची शाळा काढली, प्रौढांसाठी रात्रशाळा चालवली, होमिओपॅथीची औषधे फुकट वाटली. त्यांच्या घराचे नाव 'नंदनकानन'. आवारात गर्द झाडे आहेत, पुतळा आहे आणि शहरी कानांना विसर पडलेली शांतता आहे.

हरप्रसाद शास्त्री तरुणपणी येथे मुक्कामाला आले होते. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मला त्या ओसरीवर आठवला. सकाळपासून संथाळ लोक मक्याची कणसे घेऊन येत आणि मनाला येईल ती किंमत सांगत. विद्यासागर तेवढे पैसे देऊन कणसे घेत आणि फळीवर रचून ठेवीत. दिवस वर आला की भुकेले संथाळ येत, 'खायला दे' म्हणत. विद्यासागर तीच कणसे त्यांच्यापुढे ठेवीत. पाचोळा पेटवून, कणसे भाजून ती मंडळी आनंदाने खात.

त्यांच्या 'वर्णपरिचय' या १८५५ च्या बालबोध पुस्तकावर बंगालच्या किती पिढ्या शिकल्या! त्याच्या दुसऱ्या भागात भुवनची गोष्ट आहे. आईबापांविना वाढलेला भुवन शाळेतून एक पुस्तक चोरतो. मावशीला कळते, पण ती बोलत नाही. भुवन पुढे अट्टल चोर होतो, त्याला फाशीची शिक्षा होते. शेवटी तो मावशीला भेटायला बोलावतो, कानात सांगायचे आहे म्हणून जवळ जातो आणि तिचा कानच तोडतो. वेळीच बोलली असतीस तर ही पाळी आली नसती, असे त्याचे म्हणणे. ज्याने ही गोष्ट मुलांना दिली त्याच्याच गावच्या आसपास दीडशे वर्षांनी भुवन निपजावेत, हा दैवाचा खेळ खराच. पण मला त्यातली मावशी अधिक लागली. ऐकूनही गप्प राहिली, हा तिचा अपराध. आणि फोनवरच्या भामट्याची सारी मदार कशावर असते? आपल्या गप्प राहण्यावर! 'कोणाला सांगू नका' हे वाक्य ज्या फोनमध्ये येते तो फोन खोटा, ही एवढी एकच परीक्षा मला पुरेशी वाटते. खरी बँक, खरे पोलीस, खरे न्यायालय कोणालाही घरच्यांशी बोलायची बंदी घालीत नाही.

घरी परतल्यावर आम्ही सर्वांनी बसून आमचा शिरस्ता ठरवला. वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. अनोळखी फोनवर पैशांची, दंडाची किंवा अटकेची भाषा सुरू झाली की फोन ठेवायचा. त्यात उद्धटपणा नाही. मग पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर आपण होऊन चौकशी करायची. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणणारा घेणाराच समजावा. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नाही. नातेवाइकाच्या आवाजात कोणी तातडीने पैसे मागितले तर घरातला ठरलेला शब्द विचारायचा. आमचा शब्द आईने ठरवला आहे आणि तो एका पक्वान्नाचे नाव आहे, एवढेच सांगतो. आणि घात झालाच, तर त्याच क्षणी १९३० या नंबरावर फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने पळत असतात; जितकी लवकर वर्दी द्यावी तितकी ते मध्येच अडवण्याची शक्यता अधिक.

शेवटचा नियम सौ.ने घातला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: जो फसला त्याला कोणी बोल लावायचा नाही. रागावणाऱ्या घरात माणूस पंधरा दिवस तोंड उघडत नाही. विचारपूस करणाऱ्या घरात तो पंधराव्या मिनिटाला सांगतो.

आई आता या कामात तरबेज झाली आहे. परवा कोणी "आजी, तुमचे केवायसी संपले," म्हणाला. "थांब बाळ, स्पीकरवर टाकते, घरातले सगळे ऐकू देत," असे ती म्हणाली. बाळ थांबला नाही.

मामांना सगळे सांगायला मी सांगलीला गेलो. आईही आली आणि आठ दिवस राहिली. मामा माझे प्रवासवर्णन निमूटपणे ऐकत होते. कणसांची गोष्ट आली तेव्हा त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. "म्हणजे त्यांनी वाढीव भावाने माल घेतला आणि फुकट वाटला. मग त्यांनाही लोकांनी फसवलेच की रे?"

"तुम्हाला काय वाटते?" मी विचारले.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. भाव जास्त आहे हे त्यांना ठाऊक होते. दार उघडे होते, माणूस समोर उभा होता. माझ्या खोलीत तसे काही नव्हते." आणि थोड्या वेळाने, "ताई, तुमचा तो घरचा शब्द काय ठरलाय, मलाही सांगून ठेव."

आईने तो त्यांच्या कानात सांगितला. रविवारी नऊ वाजता आमच्या घरी आता पुन्हा दोन म्हाताऱ्यांचा संवाद चालतो. मामा आधी शब्द विचारतात, मगच बोलतात. आई कधी मुद्दाम चुकीचे पक्वान्न सांगते आणि मामा फोन ठेवून देतात. मग ती पुन्हा लावते.