फटफटीचें तापणें

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें मोठमोठ्या तत्त्वांवरून सहसा भांडण होत नाहीं. तें होतें तें अंघोळीचें पाणी आधीं कोणीं घ्यावें, पंखा चालूं ठेवावा कीं नाहीं, असल्या गोष्टींवरून. आमच्या नाशिकच्या घरीं गेले दोन हिंवाळे असाच एक वाद चालत आला. विषय फटफटीचा, आणि प्रश्न एवढाच कीं, सकाळीं ती सुरू केल्यावर जागेवर उभी ठेवून किती वेळ तापवावी?

आमचे वडील बंधु अण्णा यांची बुलेट १९८२ सालची आहे. चोक लावावा, किक मारावी आणि दहा मिनिटें तिला अंगणांत धडधडूं द्यावें, हा त्यांचा नेम. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांच्या गाडीला मात्र बटण आहे. बटण दाबलें कीं स्वारी वाऱ्यासारखी फाटकाबाहेर! “अण्णाकाका, आतां असें कोणी तापवीत बसत नाहीं,” असें तो म्हणे. “अरे, यंत्रालाहि जपावें लागतें,” असें अण्णा म्हणत.

हा वाद आम्हीं तसाच चालूं दिला असता. परंतु अंगणाला लागूनच आमच्या मातोश्रींची खोली आहे. त्यांचें वय ८४, आणि त्यांना दम्याचा विकार. धूर येऊं लागला कीं त्या कांहीं बोलत नसत, फक्त उठून खिडकी लावून घेत; आणि थंडींतलें कोंवळें ऊन त्यांना मिळे तें त्याच खिडकींतून. तेव्हां हा विषय नीट समजून घेणें आम्हांस भाग पडलें.

अण्णांचा नेम निराधार नव्हता. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा आणि आंतला दट्ट्या ॲल्युमिनियमचा. उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. थंड एंजिनाला एकदम पिळलें, तर दट्ट्या आधीं फुगतो, सिलिंडर मागें राहतो, आणि मधली फट नाहींशी होऊन दट्ट्या अडकण्याचें भय असतें. शिवाय पूर्वी एकाच दाटपणाचें तेल सर्रास वापरीत. थंडींत साजूक तूप थिजावें तसें तें जड होई. हल्लींच्या तेलाच्या डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ असा जो आंकडा दिसतो, त्यांतील ‘डब्ल्यू’ हें हिंवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. असें तेल थंडींतहि वाहतें राहून थोड्याच सेकंदांत एंजिनभर पोंचतें.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे नियम लागू झाले, आणि नव्या फटफट्यांत कार्ब्युरेटरच्या जागीं बहुतेक सर्वत्र पेट्रोल फवारणारी विद्युत्-यंत्रणा आली. एंजिन किती थंड आहे हें ती स्वतःच ओळखून पेट्रोल कमीअधिक करते. चोकचें काम उरलें नाहीं.

उलट, उभ्या गाडीचें एंजिन फार वेळ चालविण्यांत नुकसानच आहे. थंड एंजिनांत पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं. ओलें सरपण घातलेल्या चुलीसारखी त्याची गत होते. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरवरील तेलाचा थर धुवून काढतें आणि खालच्या तेलांत मिसळून तें पातळ करतें. ओझें नसल्यामुळें एंजिन तापतेंहि सावकाश. म्हणजे ज्या अवस्थेंत झीज अधिक, तीच आपण लांबवितों. धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. पण रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्यें गाडी चालूं ठेवणें म्हणजे जिवाशीं खेळ. नव्या गाडींतलें धूर शुद्ध करणारें साधनहि स्वतः तापेपर्यंत आपलें काम करीत नाहीं.

म्हणून पुतण्याचा पक्ष खरा ठरला असें मात्र नव्हे. तेल लौकर पोंचलें तरी धातु लौकर तापत नाहीं. पहिले दोनएक किलोमीटर एंजिनाला न पिळतां सावकाश जावें, हें नव्या गाडीलाहि लागू आहे.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं हें सारें दोघांपुढें मांडलें. अण्णांनीं विचारलें, “म्हणजे तापवायचीच नाहीं का?”

“तापवायची, पण चालतां चालतां,” आम्ही म्हणालों.

त्यावर जें ठरलें तें असें. पुतण्यानें गाडी सुरू करून मग हेल्मेट घालावें. तेवढा अर्धा मिनिट पुरे. बुलेट फाटकाबाहेर नेऊन सुरू करावी, मिनिटभरांत चोक हळूहळू काढावा आणि निघावें. पण बुलेटचें वजन दीडशें किलोंहून अधिक, आणि अण्णा अडुसष्ट वर्षांचे! ती बाहेर ढकलण्याचें काम आपण करूं, असें पुतण्या आपणहून म्हणाला. अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, “बरें, पण ढकलतांना आधीं न्यूट्रल पाहात जा.” मातोश्रींची खिडकी हल्लीं सकाळीं उघडी असते.

वडील माणसांची एखादी चाल सोडण्यापूर्वी तिचें कारण विचारून घ्यावें, आणि कारण संपलें असेल तर वडिलांनींहि ती मोकळ्या मनानें सोडावी, असें आम्हांस वाटतें. आमच्या घरीं हें एका फटफटीपुरतें तरी साधलें आहे.