खापर कुणाच्या डोक्यावर?

ऑटिझमची शंका असलेलं मूल माझ्याकडे तपासणीला येतं, तोवर घरात खापर फोडून झालेलं असतं. आई नोकरी करते म्हणून, घरात खेळायला दुसरं मूल नाही म्हणून, आणि हल्ली तर हमखास मोबाइलमुळे.

ही खोड जुनी आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये अशा ११ मुलांचं वर्णन केलं आणि हा प्रकार जन्मजात असावा, असंच लिहिलं. पण आईवडिलांच्या कोरडेपणावरचा त्यांचा शेरा तेवढा लोकांनी उचलला. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी तर मायेत कमी पडणाऱ्या आईलाच दोषी ठरवलं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता; वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. मूळ बऱ्याच अंशी जनुकांत आहे, हे पुढच्या संशोधनातही दिसत गेलं.

मग लसीची पाळी आली. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचा परवानाही गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये पुन्हा निर्वाळा मिळाला की एमएमआर लसीमुळे ऑटिझम होत नाही. तरी शंका उरते, कारण लसीचा डोस आणि मूल बोलत नसल्याची जाणीव, दोन्ही साधारण एकाच वयात येतात.

मोबाइलचा वापर कमी करायलाच हवा. भाषेला त्याचा फायदा होतो. पण मोबाइल काढून घेतल्याने ऑटिझम जात नाही. उलट ज्याला माणसांपेक्षा तीच तीच चित्रं आवडतात, ते मूल मोबाइलला अधिक चिकटतं.

या वादात खरी खूण नजरेतून सुटते. अडीच वर्षांचा मुलगा आईचं मनगट धरून तिला फडताळापाशी नेतो आणि तिचा हात बिस्किटांच्या डब्यावर ठेवतो. डब्याकडे बोट नाही, आईच्या चेहऱ्याकडे नजर नाही. आजी म्हणतात, “सगळं कळतं हो त्याला. याचे बाबाही उशिराच बोलले.” कळतं, हे खरंच. तोच मुलगा कुकरच्या शिट्टीला घाबरून आईलाच बिलगतो. म्हणजे अशा मुलांना माया नसते, हेही खोटं. अडतं ते मनातलं दुसऱ्यापर्यंत पोचवण्यापाशी, आणि ते शिकवता येतं. त्यासाठी चित्रांची कार्डं दिली तर बोलणं मागे पडेल, ही भीतीही निराधार आहे.

दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर त्याचे कान तपासून घ्या आणि लगेच विकासतपासणीची वेळ घ्या. निदानावर शिक्का बसायची वाट पाहू नका. थेरपी त्याआधीही सुरू करता येते.