आजीला ओळखू येतील असे कपडे

मुलांनो, आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास झाडं पावसात न्हाऊन हिरवीगार झालेली असतात. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मात्र नेमक्या ह्याच दिवसांत झाडांचा रंग बदलतो. ह्या ऋतूला इथे 'फॉल' म्हणतात, म्हणजे पानं गळण्याचे दिवस. दिवस लहान होऊ लागले, थंडी पडू लागली की पानांतलं हरितद्रव्य नाहीसं होतं आणि त्याच्याआड दडलेले पिवळे-केशरी रंग दिसू लागतात. मेपलसारख्या काही झाडांच्या पानांत तर लाल रंग नव्यानं तयार होतो. ऑक्टोबरात बघावं तिकडे हळद-कुंकू उधळल्यासारखं वाटतं!

ह्या रंगांत उभं राहून घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायची इथे पद्धत आहे. पुष्कळ जण तोच फोटो नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापतात. आणि फोटो म्हटला की कपडे आलेच. काही घरांत लहानथोर सगळेच पांढरा शर्ट आणि जीन्स घालतात. आपल्याकडे पूर्वी एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवत ना, तसंच हे.

गेल्या वर्षी फोटोचा बेत ठरला तेव्हा मी साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "एक करशील का गं? मुलांना एकसारखं काही घालू नकोस. मला चेहरे आता धड दिसत नाहीत. रंग वेगळे असले की कोण कुठं उभं आहे ते कळेल."

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग अधू होत चाललाय. ह्या आजारात कडेचं दिसतं, पण जिथे रोखून बघावं तिथेच धूसर होतं. त्यामुळे ओळखीचा चेहराही ओळखता येत नाही.

रात्री जेवताना मी हे मुलांना सांगितलं. थोरली तेरा वर्षांची. ती म्हणाली, "आई, फोटो फोनवर मोठा करता येतो की!"

"मोठा केला तरी मधलं धूसरच राहणार," मी म्हटलं.

ती गप्प झाली. मग स्वतःच उठून कपाट उघडलं.

कपडे ठरवायला बसलो आणि एकेक अडचण पुढे आली. लाल आणि केशरी रंग बाद, कारण माणूस पानांतच मिसळून जाईल. केशरीच्या समोर निळा रंग उठून दिसतो. थोरलीला काळाच हवा होता, पण काळ्याच्या घड्या आणि बाह्या फोटोत दिसत नाहीत, सगळा एकच ठिपका होतो. शेवटी ती गडद निळ्या स्वेटरवर राजी झाली.

मधल्याला त्याचा बारीक पट्ट्यांचा टीशर्ट घालायचा होता. अशा बारीक रेघांवर डिजिटल कॅमेऱ्यात कधीकधी पाण्यासारख्या विचित्र लाटा उमटतात. मग पांढरा लोकरी स्वेटर काढला, तर म्हणे, "टोचतोय!" आत मऊ सुती बनियन घातल्यावर तक्रार मिटली. टोचणारा कपडा घालून कुणालाही मनापासून हसता येत नाही, हे लक्षात ठेवा.

धाकटी चार वर्षांची. तिला जांभळा झालरीचा फ्रॉकच हवा होता. संध्याकाळी इथे बोचरी थंडी पडते आणि मावळतीचं मऊ ऊन हवं म्हणून फोटो तर संध्याकाळीच काढायचा होता. तेव्हा फ्रॉकच्या आत गरम लेगिंग आणि पायांत तिचे जुनेच बूट. नवे बूट चावले की सगळा फोटो रडका!

बाबांनी मोठ्या चौकटींचा राखाडी शर्ट घेतला. मी आईनंच दिलेली मोरपंखी साडी काढली.

सगळे कपडे आम्ही सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले. थोरलीनं एक युक्ती काढली. "डोळे किलकिले करून बघा. आजीला थोडंफार असंच दिसत असेल ना?" आम्ही सगळ्यांनी तसं पाहिलं. झालरी, चौकटी, विणकाम सगळं नाहीसं झालं आणि रंगांचे पाच ठिपके राहिले. पाचही वेगवेगळे. मधला हळूच म्हणाला, "आजीला आपण असे दिसतो?" त्यावर कुणीच काही बोललं नाही.

फोटो मोठ्या आकारात छापून साताऱ्याला पाठवला. पोचला त्या दिवशी आईचा फोन आला. फोटो खिडकीशी धरून ती सांगत होती, "ही निळी थोरली. केवढी उंच झालीय! पांढरा तो मधला. माझी मोरपंखी साडी, म्हणजे तू. आणि ही जांभळी एका बाजूला कलंडलीय, पळायच्या बेतात दिसतेय."

खरंच पळायच्या बेतात होती ती!

मुलांनो, ह्या दिवाळीत तुमच्याही घरी फोटो निघेल. कपडे काढण्याआधी घरात विचारा, हा फोटो कोण कोण बघणार आहे? रंग ठरवणं मग सोपं जाईल.