आभाळातली वेधशाळा राजुऱ्याच्या रानात उतरली तर

चंद्रपूरहून निघून बल्लारपूर मागे टाकले, वर्धेचा पूल ओलांडला, की राजुरा लागते. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. एका अंगाला सास्तीच्या कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने. पुढचा रस्ता लक्कडकोटवरून आसिफाबादला, म्हणजे तेलंगणात उतरतो. निजामाच्या राजवटीत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि इथल्या माणसाची मोठी कामे हैदराबादलाच असत. तो संबंध आता राहिला नाही. पण आभाळातून एक संबंध अजून आहे, आणि तो आपल्या शेतापर्यंत येऊन पोचू शकतो.

रात्रीच्या विजेवर ओलिताला जाणारा शेतकरी आभाळ रोज पाहतो. तारे लुकलुकताना दिसतात. खरे तर तारा लुकलुकत नसतो. मधली हवा हलत असते, म्हणून त्याचा प्रकाश थरथरतो. राजुरा समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच. त्यात नदीकाठचे धुके, खाणीची धूळ आणि कारखान्यांचे दिवे. वरून येणारे घातक किरण हीच हवा अडवते, म्हणून तर पीक, गुरे आणि आपण जगतो. पण आपल्याला जे पांघरूण, तेच तारे अभ्यासणाऱ्याला डोळ्यावरची पट्टी वाटते. म्हणून माणसाने दुर्बीण पायरीपायरीने वर चढवली.

पहिली पायरी डोंगराची. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे सुमारे १००० मीटर उंचीवर २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ सालापासून आहे. लडाखात हानले येथे तेवढ्याच मापाची दुर्बीण ४५०० मीटरवर बसवली आहे. तिथे हवा विरळ आणि कोरडी, म्हणून आभाळ स्वच्छ. तरीही ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण तिथेही पोचत नाहीत. त्यांना गाठायचे तर डोंगर अपुरा पडतो.

दुसरी पायरी फुग्याची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र हैदराबादला आहे. पातळ प्लॅस्टिकचा, हायड्रोजन भरलेला फुगा यंत्रे घेऊन ३० ते ४० किलोमीटर उंच जातो. ४० किलोमीटरवर हवेचा हजारात तीन भाग एवढाच थर डोक्यावर उरतो. काम झाले की यंत्रांची पेटी फुग्यापासून सोडवतात आणि ती हवाई छत्रीने खाली येते. वारा नेईल तिकडे ती हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर उतरू शकते. राजुरा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून संस्थेच्या जाहीर सूचनेत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची नावे आलेली आहेत.

तिसरी पायरी अवकाशाची. भारताचा ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावर बसवलेल्या क्ष-किरण यंत्रासारखे यंत्र २००८ साली हैदराबादच्या फुग्याने वर नेऊन आधी तपासले होते. बियाणे गावभर वाटण्याआधी आपण एका वाफ्यात पेरून पाहतो, तसेच हे. उपग्रहातले यंत्र बिघडले तर हाती लागत नाही; फुग्याचे यंत्र परत येते, दुरुस्त होते, पुन्हा उडते. म्हणून ते धड परत मिळणे मोलाचे असते.

तेव्हा वाचकहो, विरूरच्या शिवारात किंवा जिवतीच्या डोंगरात रंगीत छत्रीला बांधलेली पेटी दिसली तर एवढे ध्यानात ठेवा. तिला हात लावू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. काही यंत्रांत उच्च दाबाची वीज असते, जिवावर बेतू शकते. मुलांना आणि गुरांना दूर ठेवा. फुग्याचे प्लॅस्टिक जनावराच्या पोटात गेले तर ते दगावेल. पोलीस पाटलांना सांगा किंवा पोलीस ठाण्यात कळवा. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. कळवणाऱ्याला संस्था बक्षीस आणि फोनचा खर्च देते; पेटीशी छेडछाड झाली असेल तर बक्षीस नाही.

आभाळातून पडणारी प्रत्येक वस्तू फुग्याचीच असते असेही नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे मोठे कडे येऊन पडले. आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. अशा टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. भंगारात चार पैसे येतील म्हणून कुणी ती फोडायला बसू नये.

फुगे बहुधा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, रात्री ते पहाटे सोडतात. म्हणजे नेमके कापूस वेचणीचे आणि हरभऱ्याच्या राखणीचे दिवस. शेतावर आधी बायामाणसे आणि पोरे पोचतात, म्हणून ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.