पहिली पेंढी

धान्य कणगीत पडल्यावर त्यातले शेरभर देवाला वाहणे फारसे कठीण नाही. प्राचीन इस्राएलाचा नियम मात्र अडचणीच्या वेळी हात पुढे करत असे. लेवीय ग्रंथाच्या २३व्या अध्यायानुसार वसंतात जवाची कापणी लागली की पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, त्याने ती परमेश्वरापुढे ओवाळायची, आणि तोवर नव्या धान्याची भाकर, हुरडा, हिरवी कणसे यांतले काहीही तोंडात घालायचे नाही. जुना साठा तळाला गेलेल्या घरात हे किती जड जात असेल, ते कोरडवाहू शेती जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. बाकीचे रान अजून उभे असते. टोळ येईल, वारा झोडपेल. म्हणूनच या अर्पणाला नुसते आभार म्हणायला मी कचरतो. हाती न आलेल्या पिकाच्या वतीने ही पेंढी पुढे जाते, आणि तिच्यामागे सगळे शेत उभे असते.

कोणी म्हणेल, पहिले धान्य देवाला देण्याची चाल कुठल्या शेतकरी समाजात नाही? ही तर पुढच्या पिकासाठी दिलेली लाच. चाल सार्वत्रिक आहे हे खरेच. पण अनुवाद ग्रंथाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवताना शेतकऱ्याने काय म्हणायचे ते पाहावे: पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गुलामी झाली, देवाने तिथून काढले, ही जमीन दिली. पुढच्या पावसासाठी किंवा भरघोस पिकासाठी त्यात एकही मागणे नाही. जवानंतर पन्नास दिवसांनी गव्हाच्या दोन खमीर घातलेल्या भाकरी येतात. वेदीवर खमीर जाळायला मनाई असल्याने त्या याजकाच्या वाट्याला जातात. टोपली वाहिल्यावरचा आनंदही लेवी आणि परदेशी यांच्यासह करायचा. शिवाय मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. ज्यांना हे निवेदन पाठ येई ते स्वतः म्हणत, न येणाऱ्यांना कोणी सांगून म्हणवून घेई. त्या लाजेने लोक येईनासे झाले, तेव्हा सर्वांनाच सांगून म्हणवायचे ठरले. लाच घेणारा देव देणाऱ्याची लाज कशाला राखेल?

पौलाने करिंथकरांना लिहिताना उठलेल्या ख्रिस्ताला झोपी गेलेल्यांतले प्रथमफळ म्हटले, ते या शेतावर उभे राहून. मृतांचे पुनरुत्थान नाहीच, असे तिथे काहीजण म्हणत होते. पौलाचे उत्तर शेतकऱ्याचे आहे: पेंढी आणि उरलेले शेत एकाच पेरणीचे, मागे पीकच नसेल तर पुढे आले ते प्रथमफळ कसले? ख्रिस्ताचे उठणे हा एकट्यादुकट्याचा चमत्कार मानणारे भाविक नकळत पौलाचा युक्तिवादच मोडतात. पेंढी ओवाळण्याचा दिवस आणि ईस्टरचा रविवार जुळवून दाखवण्याचा काहींना मोठा उत्साह असतो. तो दिवस नेमका कोणता यावर खुद्द परुशी आणि बोएथूसी या यहुदी पंथांत वाद होता, तेव्हा तिथीवर फार भार न टाकणे बरे. याहून गंभीर आक्षेप असा, की दुसऱ्याचा विधी उचलून ख्रिस्ती लोक त्याला आपल्या अर्थाची सावली करून टाकतात. तसे पुष्कळदा झाले आहे. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, तरी यहुदी घरांत पेंढीपासून दोन भाकरींच्या सणापर्यंतच्या एकोणपन्नास दिवसांची मोजणी आजही चालते. तो विधी कोणासाठी रिकामा झालेला नाही. पौल स्वतः यहुदी होता, आणि पेंढी ही खरोखरच पेंढी असेल तरच त्याचे म्हणणे उभे राहते.

या अर्थाला आणखी एक बाजू आहे, आणि उपदेशांत ती सहसा गळते. दोन भाकरींचा विधी संपतो न संपतो तोच लेवीय ग्रंथ एकदम बांधाकडे वळतो: शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी राहू द्या. सणांच्या यादीत हे वचन उपरे वाटते. अशाच सरव्यावर मवाबी रूथ बेथलेहेमात जगली. पौलाच्या पत्रातही असेच घडते. पुनरुत्थानाचा तो दीर्घ अध्याय संपतो, आणि पुढच्याच ओळीत तो वर्गणीचे बोलू लागतो: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, यरुशलेमला पाठवण्यासाठी. या दोन गोष्टींमधली अध्यायाची रेघ तेराव्या शतकातली आहे. पौलाने ती आखली नव्हती.