बारा बाय पंचेचाळीस

डिंडोलीत आम्ही २००३ साली घर घेतलं तेव्हा डिंडोली सुरतेत नव्हती. ग्रामपंचायत होती. लिंबायतला भाड्याच्या खोलीत आमचा संसार चालला होता. मिस्टर पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब लिहायचे, मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. दोन पगार असूनही लिंबायतला स्वतःचं घर जमेना, म्हणून रुळांपलीकडे जायचं ठरलं. प्लॉट बारा बाय पंचेचाळीस फुटांचा, म्हणजे बरोबर साठ वार. जमीन बिनखेती झालेली नव्हती, सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर होता. आमच्या हातात पडलं ते नोटरी केलेलं साठेखत आणि एक कब्जा रसीद. माझे वडील अमळनेरहून मुद्दाम कागद बघायला आले. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "हे घर तुमचं आहे असं कोण म्हणतं?" मिस्टर म्हणाले, "शेजारचे म्हणतात."

वडिलांना ते पटलं नाही, पण उत्तर खरं होतं. आमच्या ओळीतल्या सगळ्यांची मालकी एकमेकांच्या साक्षीवर उभी होती. अलीकडचा पारोळ्याचा, पलीकडचा शिंदखेड्याचा, समोर शहाद्याचे दोन सख्खे भाऊ. कोपऱ्यावर जौनपूरचा एक टेलर होता, तो वर्षभरात आमची अहिराणी बोलायला लागला.

सुरतेत एवढा खानदेश का, असं पुण्यामुंबईकडचे लोक मला विचारतात. मी त्यांना रेल्वेचा नकाशा बघायला सांगते. उधन्याहून निघणारी तापी लाइन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. दुष्काळ पडला की आमच्याकडचा माणूस पुण्याला जायचा विचार नंतर करतो. सुरतेला त्याचा मावसभाऊ असतो आणि पॅसेंजरचं तिकीट कमी असतं. आधी एकटा येतो, लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी धरतो किंवा रिंगरोडच्या कापड मार्केटात पार्सलं उचलतो. मग बायको येते. ती घरी साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते, धागे कापते, नगावर पैसे घेते. मग शाळेत नाव घालायला मुलं येतात, आणि तिथे ती माझ्या हजेरीपटावर चढतात.

ग्रामपंचायतीच्या काळापासून सोयी ज्या क्रमानं आल्या तो क्रम मला अजून पाठ आहे. पहिली आली वीज. लोक तिला तेव्हाही जीईबी (गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड) म्हणत आणि अजूनही जीईबीच म्हणतात. लाइटबिल आलं त्या दिवशी आमच्या ओळीत पेढे वाटले गेले, कारण सरकारी कागदावर पत्त्यासकट आमचं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. मग वेराबिल. कर भरायला लोक इतक्या आनंदानं रांगेत उभे राहिलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. वेरा भरलेली पावती लॅमिनेट करून देवघरामागे ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. पाणी मात्र बोअरचं, खारट. डाळ शिजायची नाही, म्हणून पिण्याचं नि डाळीचं पाणी टँकरमधून घ्यायचं. गटार त्याच्या मागून आलं, रस्ता सर्वांत शेवटी. रस्ता आधी करून मग गटारासाठी उकरण्यापेक्षा हा क्रम बरा, असं आमचे मिस्टर म्हणत. पुढे पुढे तोही क्रम राहिला नाही.

२००६ साली महापालिकेची हद्द वाढली. ११२ चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात ३२६ चौरस किलोमीटरचं झालं. आठ नगरपालिका आणि सत्तावीस ग्रामपंचायती त्यात गेल्या, आमचीही गेली. म्हणजे घर न बदलता आम्ही सुरतकर झालो. १९६१ साली या शहराचे लोक तीन लाखांच्या आत होते. २००१ च्या जनगणनेत २४ लाख निघाले आणि २०११ मध्ये ४४ लाखांच्या वर. दहा वर्षांत वाढलेले हे २० लाख म्हणजे जवळजवळ आमचा अख्खा धुळे जिल्हा. अर्थात त्यात आमच्यासारखे हद्दीबरोबर आत आलेलेही होते. वर्तमानपत्रं सुरत देशात सर्वांत झपाट्यानं वाढते म्हणून कौतुक करत, तेव्हा हा भाग कोणी सांगत नसे.

हे आकडे मी इतक्या अधिकारानं सांगते, कारण त्यातले काहीशे मी स्वतः मोजलेले आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादीचं काम आलं. महाराष्ट्रात ज्याला प्रगणक म्हणतात त्याला इकडे गणतरीदार म्हणतात, आणि तो बहुतेक प्राथमिक शिक्षकच असतो. एका गणतरीदाराला साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबांचा एक गट. माझा गट डिंडोलीतच, आमच्या ओळीपासून लांब नव्हता. मला वाटलं, ओळखीचा भाग आहे, काम सोपं जाईल.

पहिलं काम नजरी नकाशा काढायचं. गल्ल्या, देऊळ, चक्की, हापसा, सगळं कागदावर. अडचण अशी की मी नकाशा काढायची आणि आठवड्यानं त्यात नसलेलं एक घर उभं असायचं. काही घरं तर जागच्या जागी वाढत होती. नियमाप्रमाणे ज्या खोलीला स्वतंत्र मुख्य दार ते वेगळं घर. आमच्याकडे साठ वारांच्या एका प्लॉटवर तळमजला, त्यावर दोन माळे, आणि बाहेरून लोखंडी जिना चढवलेला. जिना इतका उभा की साडीत चढताना मी फॉर्मची पिशवी दातांत धरायची. प्रत्येक माळ्यावर दोन दारं. म्हणजे बारा बाय पंचेचाळीसच्या एका प्लॉटवर सहा घरं, सहा चुली आणि खाली एक सामाईक संडास. घरमालकाचा मेळ मात्र वेगळा. खाली उभा राहून तो हात जोडायचा, "बेन, एक ज घर लखो ने." भाडेकरू नोंदले गेले की कर वाढेल, ही धास्ती. वरच्यांना तो आपल्या गावचे पाहुणे म्हणून सांगायचा. पाहुणे ओडिया बोलत होते.

घरयादीत पस्तीस प्रश्न होते. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून, सांडपाणी कसं जातं. या शेवटच्या प्रश्नाशी माझ्या गटात हमखास घोडं अडायचं. पाइप टाकलेला आहे, पण जोडलेला नाही. मग बंद गटार लिहायचं, उघडं गटार लिहायचं की काहीच नाही? प्रशिक्षणात सांगितलं होतं की आज जे वापरात आहे तेच लिहा. तसं लिहिलं, तर एक आजोबा भडकले. म्हणाले, पाइप दारात आलाय, आम्हाला मागास कशाला दाखवता? त्यांना पुढच्या पावसाळ्यात गटार मिळालं, पण माझ्या फॉर्मात ते बिनगटाराचेच राहिले.

खरी मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११. मुद्दाम अहिराणीत विचारायचं, "घरमा कितला मानसं शेतस?" त्यानं दार लवकर उघडायचं. मातृभाषेच्या रकान्याला मात्र तीच माणसं सांगायची, "मराठीच लिखा." मी सांगतील ते लिहिलं, कारण तोच नियम. पण अहिराणी बोलणाऱ्यांचा आकडा जनगणनेत लहान का दिसतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

लूमवाल्या पोरांच्या खोल्यांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. दहा बाय बाराची खोली, दिवसपाळीवाले रात्री झोपतात आणि रातपाळीवाले दिवसा. अंथरुणं तीच, माणसं दुप्पट. दुपारी गेलं तर अर्धे भेटायचे, तेही झोपेतून उठवलेले, आणि उरलेल्यांची नावं त्यांना धड येत नसत. "वह? वह तो भाई है," एवढंच. आडनाव, वय, कोणत्या जिल्ह्यातून आला, किती वर्षं झाली, हे सगळं विचारायला सकाळी सातच्या पाळीबदलीला जावं लागायचं. तेव्हा खोलीच्या दारात दोन्ही पाळ्या एकदम सापडत. त्या खोल्यांत बाईमाणूस नसायचंच. पुढे निकाल आला, सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया. लोकांनी लगेच भ्रूणहत्येवर भाषणं केली. तो प्रश्न गुजरातेत आहेच, पण ७८७ च्या मागे त्या खोल्या आहेत हे मी शाळेत ओरडून सांगत होते. बायका मेलेल्या नव्हत्या, गंजामला आणि जौनपूरला घर सांभाळत होत्या.

यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. शाळेची खोली, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळं मोजलेल्या आकड्यावर बेतलेलं असतं आणि आकडा दहा वर्षांनी एकदा हलतो. माणसं मात्र दर जूनला हलतात. आमच्या शाळेत हे उघडं दिसायचं. सकाळपाळी आणि दुपारपाळी मिळून शाळा भरायची, तरी एका बाकावर तीन पोरं. शिक्षण हक्क कायदा आल्यापासून वर्षात कधीही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नसला तरी. ते योग्यच आहे. पण खानदेशात पाऊस हुकला की दिवाळीनंतर पोरांची नवी लाट यायची. काहींच्या हातात झेडपी शाळेचा दाखला असायचा, काहींच्या फक्त आजीचा फोन नंबर. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्धी पोरं गावी जायची आणि त्यातली किती परत येतील हे आम्ही आंब्याच्या भावावरून ओळखायचो. हे गंमत म्हणून लिहितेय, पण अंदाज फारसा चुकायचा नाही.

सुरतेत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी. दुसऱ्या शहरात असं सहसा दिसत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. तरी ज्यांनी मराठी शाळेत शिकून इथे घरं घेतली, त्यांचीच मुलं आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात. आठवीनंतर काय, हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. म्हणून वस्ती वाढत असताना मराठी हजेरीपट आखडत गेला. मराठी मंडळांच्या सभेत याबद्दल हळहळतात, आणि सभेला आलेल्यांची नातवंडं कोणत्या शाळेत आहेत ते मला माहीत असतं.

रस्त्याची गोष्ट राहिली. गुजरातेत १९७६ च्या कायद्यानं टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीम होते. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळा, गरिबांची घरं यांसाठी ४० टक्क्यांपर्यंत काढून घ्यायचं, उरलेलं नीट आखून मालकांना परत द्यायचं. मोकळ्या शेतांवर ही पद्धत उत्तम चालते, आणि वेसूकडचे रुंद सरळ रस्ते बघून ते पटतं. पण आमच्याकडे शेतात आधीच साठ-साठ वारांची शेकडो घरं होती. तिथे आखणी आली की घराघरात एकच विषय: लाइनदोरी, म्हणजे रस्त्यासाठी आखलेली रेषा. लाइनदोरीत कोणाचा ओटा जातो, कोणाचा जिना, कोणाची पुढची खोली. आमचा ओटा गेला. शिंदखेडेकरांची अख्खी पुढची खोली गेली, आणि तरी त्यांनीच पुढे दुकान काढून त्या रस्त्याचा सर्वांत जास्त फायदा घेतला. रस्ता नको होता असं आज आमच्या ओळीत कोणी म्हणणार नाही. रिकाम्या जमिनीवर तो आधी आखला असता तर किती स्वस्तात पडला असता, एवढंच मी म्हणते.

आता डिंडोली ओळखू येत नाही. मधुरम सर्कलला संध्याकाळी रस्ता ओलांडायला हिंमत लागते. बीआरटीएसची बस डिंडोली वारिगृहापर्यंत येते. श्रावणात कानबाईच्या रविवारी गल्लोगल्ली रोटांचा वास असतो, आणि कार्तिकात तळ्यावर छठला इतकी गर्दी होते की सगळं पूर्वांचल इथेच आहे असं वाटावं. प्लॉटचा भाव सांगितला तर वडील पुन्हा अमळनेरहून कागद बघायला आले असते.

२०२० मध्ये हद्द आणखी वाढली, सचिन नि कनकपूर-कनसाड आत आले, शहर ४६२ चौरस किलोमीटरचं झालं. २०२१ ची जनगणना मात्र झालीच नाही, त्यामुळे शाळा नि टाक्या अजून माझ्या २०११ च्या आकड्यावर अंदाज चढवून चालल्यात. आता फेब्रुवारी २०२७ मध्ये मोजणी ठरली आहे, मोबाइलवर. मी निवृत्त झाले, पण आमच्या शाळेच्या नव्या शिक्षिकेला पाळीबदलीची वेळ सांगून ठेवली आहे. आता ती काही खात्यांत आठची झाली आहे.

माझ्या बहिणीच्या मुलानं गेल्या दिवाळीत खरवासाच्या रस्त्याला घर नोंदवलं. प्लॉट बारा बाय पंचेचाळीस. या वेळी जमीन बिनखेती आहे, दस्तऐवज पक्का होणार आहे, छापील पत्रकावर टीपीचा नंबरही आहे. पाणी सध्या टँकरचं. पहिला हप्ता भरून तो माझ्याकडे आला आणि विचारू लागला की तिथल्या पोरांना शाळा कोणती लागते. सध्या तरी आमचीच, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघांनी बसून वॅनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, त्या बाजूची दहा पोरं जमली की गाडी सुरू करतो, आतापर्यंत सहा झालीत.